चाल बदलली म्हणून गाणं बाटतं का?

गेले तीन आठवडे गंगापूर रोडवरच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर महापालिका, कुंभमेळ्याची कामं आणि कांद्याचे भाव हे तिन्ही विषय मागे पडलेत. भांडण चाललंय ते एका गाण्यावरून. माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र मिळून एक इलेक्ट्रॉनिक बँड चालवतात. सातपूरला एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर त्यांचा सगळा पसारा आहे. त्यांचं नवं सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं, नुकतंच आलं. गाणं गंगेवरच्या बुधवारच्या बाजाराचं आहे. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं.) संथ लय, तळाशी सिंथचा (सिंथेसायझरचा) एक लांब सूर, मधे दोन ढोल, आणि शेवटी मेथी विकणाऱ्या एका बाईंची खरीखुरी आरोळी, पहाटे घाटावर जाऊन रेकॉर्ड केलेली. गाणं लोकांना आवडलं. मग पंधरा दिवसांनी त्याचे तीन क्लब रीमिक्स आले, एक मुंबईच्या डीजेचा, एक पुण्याच्या आणि एक इथल्याच इंदिरानगरच्या मुलाचा. तिथून सगळ्यांची तोंडं सुटली.

एका बाजूचं म्हणणं, चांगल्या गाण्याचा मुडदा पाडला. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे भाच्याच्या वयाच्या पोरांचं म्हणणं, काका, तुम्हाला नाही कळायचं. पहिल्यांनी रीमिक्स ऐकलेत ते चहाच्या टपरीवर, मोबाइलच्या स्पीकरवर, तेही पहिले चाळीस सेकंद. दुसऱ्यांना विचारलं की बाबांनो, यात नेमकं चांगलं काय आहे, तर उत्तर येतं, "वाइब आहे." दोघांचं ऐकून माझं डोकं उठलं म्हणून लिहायला बसलो. माझा अधिकार इतकाच, की नव्वदच्या दशकात आठ वर्षं मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला. तेव्हा तबलजी माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने आज माझ्या वयाचे लोक भाच्याच्या लॅपटॉपकडे बघतात. नजर ओळखीची आहे, एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. क्लब रीमिक्स म्हणजे गाण्याला दुसऱ्या जागेसाठी लावलेली चाल. देवळात म्हटलेला अभंग आणि दिंडीत चालता चालता म्हटलेला तोच अभंग यांची लय एक नसते, कारण एकीकडे माणूस बसलेला असतो आणि दुसरीकडे त्याचे पाय चालत असतात. म्हणून "मूळ चांगलं की रीमिक्स" हा प्रश्नच फुकटचा आहे. विचारायचं ते असं, की ज्या जागेसाठी हे केलं त्या जागेत ते उभं राहतं का? आणि करताना ज्याचं घेतलं त्याला विचारलं का? पहिल्या प्रश्नावर कट्ट्यावर कुणी बोलत नाही. दुसऱ्यावर तर दोन्ही बाजू चिडीचूप.

या भांडणातला निम्मा दोष शब्दांचा आहे. 'रीमिक्स' हा शब्द आपल्याकडे दोन हजार सालाच्या आसपास बिघडला. जुनी हिंदी चित्रपटगीतं नव्या गळ्याकडून गाऊन घ्यायची, खाली ढिंच्याक ठेका टाकायचा, सोबत एक भडक व्हिडिओ, आणि वर नाव रीमिक्स. खरं तर त्यात मिक्स काहीच नव्हतं. मूळ ध्वनिमुद्रणाला हातही लागलेला नसायचा. कायद्याच्या भाषेत ते 'व्हर्जन रेकॉर्डिंग'. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२(१)(ञ) मध्ये अशी सोय होती, की गाणं रेकॉर्ड होऊन दोन वर्षं उलटली की नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि गाणं पुन्हा काढायचं. संगीतकाराने हो म्हणण्याची गरज नाही. ज्यांनी त्या चाली रात्र रात्र जागून बांधल्या त्यांना आपलंच गाणं केशकर्तनालयात वेगळ्या आवाजात ऐकू यायचं. त्यांचा संताप शंभर टक्के रास्त होता. २०१२ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं आणि त्या जागी ३१-ग आलं. आता पाच वर्षं थांबावं लागतं, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत-चालीत फेरफार करता येत नाही.

पण तो जुना राग आज या तीन पोरांच्या गाण्यावर काढणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. इथे बँडने स्वतःहून रीमिक्स करायला दिलंय. कसं देतात ते मी पोटमाळ्यावर बसून पाहिलं. एक फोल्डर असतं, त्यात गाण्याचे सुटे भाग, ज्यांना ही मंडळी 'स्टेम्स' म्हणतात. या गाण्याचे अकरा होते. सिंथ वेगळा, बेस वेगळा, गळा वेगळा, डावा ढोल, उजवा ढोल. शेवटच्या फाइलचं नाव होतं 'मेथी'. ती एकटी लावली तर बाईंच्या आरोळीमागे कुणीतरी पोतं आपटल्याचा आवाज येतो, आणि लांबून रिक्षाचा हॉर्न. पूर्ण गाण्यात हे दोन्ही झाकलेले आहेत. पुण्याच्या डीजेने आपल्या रीमिक्सचा ठेका नेमका त्या पोत्याच्या आवाजातून बांधलाय. मला हे कळलं तेव्हा मी भाच्याला फाइल पुन्हा लावायला सांगितली. जे गाण्यात होतं पण ऐकू येत नव्हतं, ते त्याने वर काढलं. मुडदा पाडणारा माणूस इतक्या बारकाईने ऐकतो का?

दुसरा बिघडलेला शब्द 'डीजे'. नाशकात डीजे म्हटलं की ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ती वाकडी बारवेवरून भद्रकालीच्या गल्ल्यांत शिरली की जुन्या वाड्यांच्या खिडक्या थडथडतात, आजारी माणसं उशीत कान खुपसून पडतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ही मर्यादा त्या भिंतीला कशी माहीत असणार? त्या भिंतीविरुद्ध मी स्वतः पोलिसांना फोन केलेला आहे, आणि पुन्हा करीन. (आपली ढोलपथकंही काही कुजबुजत नाहीत, पण ते बोललं की लोक अंगावर येतात.) मात्र रस्त्यावरची ती भिंत आणि बंद खोलीत, तिकीट काढून, मनाने नाचायला आलेल्या माणसांपुढे रेकॉर्ड जोडत जाणारा डीजे यांच्यात नावापलीकडे काही नातं नाही. एकाने कान फोडले म्हणून दुसऱ्याच्या कलेवर बंदी मागायची, हा कुठला न्याय?

आता 'मूळ' या शब्दाकडे वळू, कारण सगळा जोर तिथे आहे. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं काढून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा पहिला चरण छापलेला असतो. उसनवारी लपवायची कुणाला गरज वाटत नव्हती, उलट ती छापून सांगत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा साकी, दिंडी अशा लोकांच्या तोंडी रुळलेल्या चालीच त्यांनी घेतल्या. १९१६ च्या स्वयंवरात भास्करबुवा बखल्यांनी बैठकीतल्या बंदिशींवरून पदं बांधली. रात्रीच्या मैफलीत संथपणे उलगडणारी चीज नाटकात शिरली तेव्हा तिचे शब्द बदलले, प्रसंग बदलला, समोरचा माणूस बदलला. मग बालगंधर्वांना वन्समोअर पडू लागले आणि तेच पद प्रेक्षकांच्या हौसेनुसार लांबत गेलं. पुढे ते तबकडीवर गेलं तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांत कोंबावं लागलं, कारण तबकडीच्या एका बाजूवर तेवढीच जागा. आता सांगा, यातलं मूळ कुठलं? बैठकीतलं, नाटकातलं की तबकडीवरचं? आज आपण अस्सल म्हणून डोळे मिटून ऐकतो ते तबकडीच्या मापाने कापलेलं पद. म्हणजे अस्सल म्हणून जपलेली वस्तूच कुणीतरी एका यंत्राच्या सोयीने आखूड केलेली.

भाच्याला विचारलं, तुमचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचंच का? तो म्हणाला, "मामा, आधी सात मिनिटांचं होतं. पण ॲपवर लोक पुढे ढकलतात, म्हणून कापलं." ज्या मूळ गाण्याच्या पावित्र्यासाठी कट्टा तीन आठवडे लढतोय, ते बाजारात येण्याआधीच एकदा सोलून निघालं होतं.

याच गावातला सर्वात मोठा दाखला देतो. विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशकात आले आणि इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. त्यांनी आयुष्यभर काय केलं? दरबारातलं आणि कोठीवरचं गाणं उचलून तिकीट लावलेल्या सभागृहात आणलं, वर्गात आणलं, स्वरलिपीत बसवलं. जागा बदलली म्हणून शब्दही बदलले. शृंगाराच्या बंदिशींत भक्तीचे शब्द घातले, म्हणजे घरंदाज मुलीबाळींना त्या शिकता याव्यात. त्यात काही रसाळ चिजांचं नुकसान झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. पण त्यांनी गाणं बाटवलं असं म्हणायची नाशकात कुणाची छाती आहे? जागेप्रमाणे गाणं बदलणं हा गुन्हा असेल तर पहिला आरोपी पंचवटीकडे बोट दाखवून शोधावा लागेल.

क्लब रीमिक्सची खरी वंशावळही अशी जागेतूनच निघते. जमैकात, किंग्स्टनमध्ये, ऑसबर्न रडॉक नावाचा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. आपल्याकडे महात्मा गांधी रोडच्या बोळांत सापडतील तशातला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किंग टबी या नावाने त्याने तयार गाण्यांतला गळा काढून टाकायला सुरुवात केली. ठेका आणि बेस ठेवायचा, मधेच एखादा शब्द घुमवून सोडून द्यायचा. कारण ते गाणं वाजणार होतं रस्त्यावरच्या नाचात, मोठ्या स्पीकरवर. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर टॉम मोल्टन नावाच्या माणसाच्या लक्षात आलं, की लोक नाचात रंगतात तोच गाणं संपतं आणि मंडळी फ्लोअर सोडतात. त्याने घरी बसून ४५ मिनिटांची एक टेप जोडली, सलग. पुढे हेच काम तो स्टुडिओत करू लागला. १९७६ पासून बारा इंची सिंगल दुकानांत विकायला आली. मोठ्या तबकडीवर खाचा रुंद आणि खोल काढता येतात, म्हणून आवाज मोठा आणि बेस भरीव. थोडक्यात, या प्रकाराची लांबी, त्याचा ठेका, त्याचा तळ, सगळं नाचणाऱ्याच्या पायांनी ठरवलं. कंपन्यांचा गल्ला त्यानंतरचा.

हे ध्यानात घेतलं की टपरीवरच्या टीकेतली गफलत दिसते. "सुरुवातीची दीड मिनिटं नुसतं ठक-ठक, गाणं कुठंय?" असा आक्षेप मी दहा वेळा ऐकला. ती दीड मिनिटं घरी ऐकणाऱ्यासाठी नाहीतच. आधीचं गाणं वाजत असताना डीजेने हे हळूच त्याखाली सरकवायचं, दोन्हींची लय जुळवायची, आणि एक उतरत असताना दुसरं चढवायचं. ती सुरुवात म्हणजे सांधा आहे. सुताराच्या दुकानातलं सांध्यासाठी खाच पाडलेलं फळकूट पाहून "हे असं अर्धवट का" म्हणण्यासारखं हे झालं. शिवाय मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचा बेस बाहेर पडतच नाही. ५०-६० हर्ट्झचा जो सूर सगळ्या रीमिक्सचा कणा आहे, तो टपरीवर कुणाच्या कानी गेलेलाच नाही.

माझ्याही गेला नव्हता. मग भाच्याने मला एका दुपारी मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये नेलं. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं साउंड चेक चाललं होतं. रिकामा हॉल, झाडू मारणारा एक पोरगा, फिनेलचा वास. पुण्याचा रीमिक्स लागला. पहिल्यांदा काहीच विशेष नाही. मग दोन मिनिटांवर ठेका थांबला, बाईंचा आवाज एकटा राहिला, आणि त्याखालून ढोलाची थाप अशी आली की माझ्या शर्टाचं कापड छातीवर हललं. मूळ गाण्यात ढोल दूरवर कुठेतरी, घाटाच्या पलीकडे वाजल्यासारखा आहे. इथे तो मिरवणुकीत पथकाच्या मधोमध उभं राहिल्यावर जसा लागतो तसा लागला. पथकात वाजवलेल्या माणसाला विचारा, ढोल कानाने ऐकायचाच नसतो. त्या क्षणी मला वाटलं की ढोलाच्या बाबतीत हा रीमिक्स मूळ गाण्यापेक्षा जास्त इमानी आहे. झाडूवाल्या पोराने मात्र मान वर करून पाहिलंही नाही, हेही नोंदवून ठेवतो.

विरोधकांचे दोन-तीन मुद्दे मात्र वजनदार आहेत. पहिला शब्दांचा. मूळ गाण्यात तीन कडवी आहेत. भाव पडलेल्या जुड्या संध्याकाळी तिथेच टाकून जाणाऱ्या माणसांवरचं तिसरं कडवं खरोखर चांगलं आहे. तिन्ही रीमिक्समध्ये ते गायब. ज्याला त्या गाण्यात कविता ऐकू आली त्याला हे लागणारच, आणि क्लबमध्ये कविता ऐकत नाहीत हे उत्तर पुरेसं नाही. पण कविता नाहीशी झालेली नाही, ती मूळ गाण्यात जागच्या जागी आहे. उलट कधी कधी रीमिक्सच माणसाला मुळापर्यंत घेऊन जातो. इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप या बँडने १९९७ साली आपल्या आशाताईंच्या नावाने एक गाणं काढलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. तिथल्या यादीत ते साठाव्या नंबरवर येऊन थांबलं. नॉर्मन कुक नावाच्या डीजेने त्याची लय वाढवली, ठेका बदलला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं तिथे पहिल्या नंबरवर. सांगलीत जन्मलेल्या एका बाईचं नाव आयुष्यात कधी न ऐकलेली इंग्रज पोरं ते नाव घेत नाचली. 'एव्हरीथिंग बट द गर्ल' या इंग्लंडमधल्याच जोडीच्या 'मिसिंग' या गाण्याचंही तेच. १९९४ ला फारसं कुणी वळून पाहिलं नाही, टॉड टेरी या डीजेच्या रीमिक्सने ते पुढच्या वर्षी जगभर नेलं. आणि ते गाणं विरहाचं आहे! नाचतानाही माणसाला कुणाची तरी आठवण येऊ शकते, हे आपल्याला का पटू नये? लावणीत विरह नसतो काय?

दुसरा मुद्दा साचेबंदपणाचा. कुठलंही गाणं घ्या, मिनिटाला सव्वाशे ठोके, चारही मात्रांवर एकच धबका, मधे एक चढ, मग धाडकन उतार. हे मी मान्य करतो, शब्दशः. मुंबईवाला रीमिक्स असाच आहे. त्यात आमच्या पोरांच्या गाण्याऐवजी कुणाचंही गाणं घातलं असतं तरी चाललं असतं. पण हा आळशी कारागिराचा दोष झाला, त्याने कारागिरी बाद होत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर बँडवाले एकच गाणं बेसूर वाजवतात म्हणून क्लॅरिनेट हे वाद्य कुणी निकालात काढत नाही.

तिसरा पैशाचा. एकच गाणं चार वेळा विकायचं, चार ठिकाणी मोजणी वाढवायची. खरं आहे, तो हिशोब असतोच. भाच्याने तो लपवला नाही. रीमिक्स करणाऱ्या प्रत्येक डीजेचे ऐकणारे आयते मिळतात, हा त्यातला मोठा भाग. मी इतकंच विचारीन, की वन्समोअरला तिकीटबारीचा हिशोब नव्हता का?

आणि हो, "हे आपलं नाही" असं एक दबकं पालुपद सगळ्यांच्या बोलण्यात असतं. त्याला उत्तर मुंबईतल्या चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच देऊन ठेवलंय. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या गृहस्थांनी तेव्हा नवीन निघालेली जपानी यंत्रं घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. इथे कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे क्लबवाले चक्रावले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी 'ॲसिड हाउस' नावाचं जे क्लबचं संगीत घडलं त्याच्याशी तिचा आवाज भलताच जुळत होता. दुसरं उत्तर घरचंच आहे. केरळात आणि मंगळूरकडे उत्सवात 'नासिक ढोल' नावाची पथकं वाजतात. मल्याळी पोरं, त्यांचे ठेके, नाव आपल्या गावाचं. आपला ढोल तिकडे गेला, बदलला, त्यांच्या देवळांपुढे नाचला. त्याचे व्हिडिओ आपण अभिमानाने एकमेकांना पाठवतो. तेव्हा कुणाला बाटल्यासारखं वाटलं नाही. मग तोच ढोल लॅपटॉपमध्ये शिरला की सोवळं का आठवतं?

आता ज्या गोष्टीवर खरंच भांडायला हवं ती. तिन्ही रीमिक्सच्या नावांची यादी मी वाचली. बँडचं नाव, डीजेचं नाव, मास्टरिंग करणाऱ्याचं नाव, चित्र काढणाऱ्याचंही. दोन ढोलवाल्यांचं नाही. मेथीवाल्या बाईंचं नाही. मग मूळ गाण्याची यादी पाहिली. तिथेही नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारायच्या, म्हणजे जर्मनीत तबकडी छापणाऱ्याला लेबलवर काय लिहायचं ते कळावं. आज फाइलमध्ये नाव लिहायला लागतात दहा सेकंद, आणि ते लिहिलं जात नाही. पावित्र्याची भाषा बोलणाऱ्या कट्ट्याला हे खटकलं नाही, 'वाइब'वाल्या पोरांनाही नाही. मी भाच्याला झापलं. तो म्हणाला, "ढोलवाल्यांना पैसे दिलेत मामा." दिले, एका दिवसाचे. पण त्यांचा ढोल आता तीन शहरांत वाजणार, त्याचं काय? आणि बाईंना काय दिलं? "दोन जुड्या घेतल्या होत्या," असं तो पुटपुटला.

त्याच बुधवारी आम्ही गंगेवर गेलो. बाई नेहमीच्या जागी होत्या, पोत्यावर पाणी शिंपडत. भाच्याने इअरफोन दिला. एक कानात घालून, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे देत त्यांनी इंदिरानगरवाला रीमिक्स ऐकला, ज्यात त्यांच्या आरोळीतला एकच शब्द कापून "घ्या-घ्या-घ्या-घ्या" असा फिरवलाय. त्या म्हणाल्या, "ही मी नाही. मी अशी अडखळत नाही." मग पुण्यावाला लावला. तो त्यांनी बराच वेळ ऐकला आणि विचारलं, "याच्यात भाव कुठं सांगितला?" गाण्याच्या यादीत नाव टाकू का, असं विचारल्यावर त्यांनी पोराशी बोलून सांगते म्हटलं. पैशाचं मी काढलं तेव्हा भाच्याकडे बघून म्हणाल्या, "याला ठरवू दे आधी, मग मी सांगते कमी आहे का." अजून ठरलेलं नाही. ढोलवाल्यांची नावं मात्र त्या रात्री यादीत चढली.

राहता राहिले रीमिक्स. मुंबईवाला बाद, कारणं वर दिली. पुण्यावाला मी मानतो, फक्त बाईंचा आवाज एकटा राहतो ती जागा अजून सोळा मात्रा लांबवायला हवी होती असं माझं मत आहे. भाचा म्हणतो, तितका वेळ थांबलं तर फ्लोअर थंड पडेल. इंदिरानगरवाल्याबद्दल आमचं जमत नाही. मला ते अडखळणं उगाच वाटतं, त्याला त्यात बाजाराची घाई ऐकू येते. शनिवारी पुण्यात ते दोन्ही वाजणार आहेत. मी जातोय, कानात घालायला कापूस घेऊन.